बिनकुंपणाची हद्द

आमच्या डोंगराला कुंपण नाही. खालच्या शेतांना दगडी बांध आहेत, पण शेवटचा बांध संपला की वर सगळं उघडं. गवत, खडक, दलदल आणि वारा. तरीही आमच्या मेंढ्या आमच्याच भागात चरतात आणि शेजारच्या यूअर्टच्या त्याच्या भागात. मेंढी आपल्या कोकराला हद्द दाखवते, ते मोठं झालं की आपल्या कोकराला. ही शाळा कधी सुरू झाली ते कुणालाच ठाऊक नाही. आम्ही फक्त लोकर कातरतो आणि मालक असल्याचा आव आणतो.

यात अट एकच. शेजारच्या भागात शेजाऱ्याचा कळप हवा. मेंढी काही खडक बघून थांबत नाही, समोर परकी मेंढी दिसली की थांबते. आमचं कुंपण म्हणजे यूअर्टचा कळप आणि त्याचं कुंपण म्हणजे आमचा.

म्हणून यूअर्टने कळप विकायला होकार दिला, त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याने, जॉन्टीने, त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघं एकाच वर्षी जन्मले, एकाच शाळेतून एकाच दिवशी हाकलले गेले, आणि तीस-चाळीस वर्षं एकमेकांच्या मेंढ्या कातरत आले. अशी माणसं अबोला धरतात तेव्हा तो नीट, मन लावून धरतात.

आम्ही सगळी इस्टेटीची कुळं. डोंगर, शेतं, आमची घरं, सगळं एकाच घराण्याचं. म्हातारे मालक गेले आणि त्यांची पुतणी, मिस रोझामंड, लंडनहून आली. तिने सगळ्यांना गावच्या हॉलमध्ये बोलावलं. डोंगर पुन्हा रानाच्या हवाली करायचा, असं ती म्हणाली. मेंढ्या कमी करायच्या, झाडं लावायची, ओढ्यांना हवं तसं वाहू द्यायचं, पुढेमागे ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हरही आणायचे.

"बीव्हर खंड भरणार का?" मागून जॉन्टी म्हणाला. हॉलभर हशा पिकला. तीही हसली. तीच तर पंचाईत होती. आमच्या सगळ्या कुत्र्यांची नावं तिला पाठ होती, अशा बाईचा राग करायचा तरी कसा?

खालच्या गावची डोरीन उठली. "हसा तुम्ही. गेल्या पुरात माझ्या स्वयंपाकघरात मासा आला होता. जिवंत! वर झाडं असती तर पाणी थांबलं असतं. लावा बाई झाडं."

"तळलास की नाही मासा?" कुणीतरी विचारलं.

"गॅसच बुडाला होता, मेल्या."

कुणाला हाकलणार नाही, असं मिस रोझामंडने कबूल केलं. जो आपखुशीने चराई सोडेल त्याला मरेपर्यंत घर आणि निवृत्तीवेतन. ज्याला सोडायची नाही त्याने राहावं, फक्त त्याच्या मेंढ्या नव्या झाडांत जाता कामा नयेत. जॉन्टीने विचारलं, मग कुंपण कोण घालणार? ती म्हणाली, "रानात कुंपण घालायचं नाही, तेवढं मात्र मी ठरवलंय."

यूअर्टने चराई सोडली. त्याचा कळप ट्रकमधून गेला, आणि त्याच्या भागात त्याचीच लेक ब्रायनी इस्टेटीच्या नोकरीवर बर्च आणि रोवनची रोपं लावू लागली. म्हणजे जॉन्टीच्या डोळ्यांदेखत एकाच घराने दोनदा घाव घातला.

त्या हिवाळ्यात सगळे म्हणत होते की आमच्या मेंढ्या आता पलीकडे पसरणार. पसरल्या नाहीत. जॉन्टीची छाती फुगली. पबमध्ये ऐकणारा मिळेल त्याला सांगायचा, "माझ्या मेंढ्यांना रीत आहे. माणसांना नाही." आणि कोपऱ्यात बसलेल्या यूअर्टकडे न बघता ग्लास उचलायचा. यूअर्टही न बघता प्यायचा.

नोव्हेंबरच्या एका सकाळी आमची एक लंगडी मेंढी शोधत मी वर गेले. हद्दीवर एक दुभंगलेला खडक आहे, त्याच्या आडोशाला यूअर्ट उभा होता. खांद्यावर पांघरलेलं खाद्याचं रिकामं पोतं, पायाशी नेल, त्याची कुत्री.

"इथे काय करतोयस?"

"हवा खातोय."

"या गारठ्यात?"

"ताजी आहे."

तेवढ्यात आमच्या दोन मेंढ्या चरत चरत खडकाकडे आल्या. यूअर्टने जेमतेम ओठ हलवून हळूच शीळ घातली. नेल पोटावर सरकत पुढे गेली आणि नुसती बघत राहिली. मेंढ्यांनी तोंडं फिरवली आणि जणू आपल्याच मनात आलं अशा ऐटीत मागे वळल्या.

मला सगळं एकदम कळलं. खडकामागचं गवत तुडवून तुडवून काळं पडलं होतं.

"रोज येतोस?"

"घरी बसून करू काय? टीव्ही बघू?"

"यूअर्ट, एवढं करायचं होतं तर कळप विकलास कशाला?"

त्याने गुडघ्यावर थाप मारली. "यांना विचार. कळपामागे पळावं लागतं, मेव्हिस. इथे नुसतं उभं राहायचं." मग खाली ब्रायनीच्या रोपांकडे बघत म्हणाला, "आणि ती घरी आली. बारा गावं फिरली, नाताळला सुद्धा फोनच करायची. मेंढ्यांनी तिला कधी घरी आणलं नाही. या काड्यांनी आणलं."

मी परत निघाले.

"जॉन्टीला सांगू नकोस," तो म्हणाला. "त्याला माझे आभार मानावे लागतील. तो मानणार नाही. मग मला वाईट वाटेल. कशाला उगाच?"

मी नाही सांगितलं. मधूनमधून त्याच्यासाठी मटणाचे पॅटिस आणि गरम चहा घेऊन जायचे आणि घरी म्हणायचे, लंगडीला बघून आले. जॉन्टी एकदा म्हणाला, "त्या लंगडीचे फार लाड चाललेत." मी म्हटलं, "बिचारी एकटी असते."

फेब्रुवारीत यूअर्ट बर्फावरून घसरला. नेल धावत खाली गेली आणि ब्रायनीला घेऊन वर आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून त्याला ब्रायनीने गावातल्या आपल्या घरी नेलं. आमच्या मेंढ्या तोवर विणीसाठी खालच्या शेतात उतरल्या होत्या, म्हणून डोंगरावर काय होईल याची लगेच कुणाला काळजी वाटली नाही.

एप्रिलमध्ये आमच्या वर्षभराच्या तरुण मेंढ्या परत आल्या. पहिला हिवाळा त्यांना सोसत नाही, म्हणून दर वर्षी आम्ही त्यांना खाली समुद्राकडच्या उबदार शेतांत पाठवतो. त्यांना वर सोडलं आणि त्या सरळ खडकाच्या पलीकडे. ब्रायनीने हिवाळाभर लावलेल्या रोपांचे शेंडे त्यांनी कोशिंबिरीसारखे खाल्ले.

मिस रोझामंड स्वतः आली. आवाज चढवला नाही, पण आपली अट पुन्हा ऐकवली. ब्रायनी तिच्यामागे उभी होती, डोळे लाल. एवढी मोठी मुलगी काड्यांसाठी रडते, याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कोकरू मेलं की मी तशीच रडते.

त्या गेल्यावर जॉन्टी म्हणाला, "हिवाळाभर एकही गेली नाही. आता काय झालं यांना?"

तेव्हा मी सांगितलं. पोतं, खडक, नेल, सगळं. तो ऐकत राहिला. मग उठला, आपला कप विसळला, जे त्याने लग्नानंतर केलेलं मला आठवत नाही, आणि कोट घातला.

मीही बरोबर गेले. ब्रायनीच्या घरी यूअर्ट खिडकीशी बसला होता, बाजूला दोन काठ्या. जॉन्टी दारातच थांबला.

"बारीक झालास," तो म्हणाला.

"तू नाही झालास."

"मूर्ख आहेस तू."

"ते शाळेतच सांगितलं होतं मास्तरांनी. दोघांनाही."

जॉन्टी बसला. यूअर्ट म्हणाला, "पावसाळी हवा सरली की बघ. एका काठीवर आलो की पुन्हा उभा राहीन. मिस रोझामंडकडे तेवढी मुदत माग."

"नाही."

"अरे, मला काय काम आहे?"

"माणसाचं कुंपण करून मेंढ्या राखायच्या नाहीत मला," जॉन्टी म्हणाला. "मरशील तिथे. मग तुझ्या जागी मी उभा राहीन आणि हिला रोज माझा चहा वर न्यावा लागेल." आणि पुढच्याच आठवड्यात तो इस्टेटीच्या कचेरीत जाऊन चराई सोडल्याच्या कागदावर सही करून आला. वर्षाच्या मेंढ्या लगेच विकल्या. बाकीच्यांना, त्यांच्या कोकरांसकट, मिस रोझामंडने एक शेवटचा उन्हाळा दिला.

तो उन्हाळा जॉन्टीने डोंगराकडे पाठ करून काढला. खाली बांधातले निसटलेले दगड लावत बसायचा, गरज नसलेले सुद्धा. इस्टेटीकडून एकही तक्रार आली नाही. आम्हाला वाटलं, ब्रायनी हाकलत असेल मेंढ्या, बापासारखी.

ऑक्टोबरात कळप उतरवायचा दिवस आला. शेजारीपाजारी आपापली कुत्री घेऊन आले, दरवर्षीसारखे. फक्त थट्टामस्करी कुणी केली नाही. ब्रायनीही आली. यूअर्टला तिने गाडीत बसवून गल्लीच्या तोंडाशी आणलं होतं, काच खाली, मागच्या सीटवर नेल. मी फाटक धरून त्यांच्याजवळ उभी होते.

मेंढ्या वरून ओघळल्या. घाईत असलेला कळप जवळची वाट धरतो, आणि जवळची वाट खडकाच्या पलीकडून, झाडांतून जाते. पुढची म्हातारी मेंढी खडकापर्यंत आली आणि वळली. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्या. रिकाम्या जागेला वळसा घालून, जिथे यूअर्ट उभा असायचा, बरोबर तिथून. आणि त्यांच्या कुशीला लागलेली कोकरं, ज्यांनी यूअर्टला जन्मात पाहिलं नव्हतं, तीही वळली.

जॉन्टी खाली पोचला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा होता. त्याने ब्रायनीला विचारलं, "तू हाकलायचीस ना गं उन्हाळ्यात?"

"मी? एकदाही नाही, अंकल. एकही आली नाही पलीकडे. मला वाटलं तुम्हीच येत असाल."

जॉन्टी गाडीपाशी गेला आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला.

"खडकापाशी काय केलं त्यांनी?" यूअर्टने विचारलं. "बसल्या जागेवरून नीट दिसलं नाही."

मला वाटलं, जॉन्टी खोटं बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं, असं अजूनही कधीकधी वाटतं.

"वळल्या," तो म्हणाला.

"कोकरं?"

"कोकरं पण. हिवाळ्यात वर होत्या त्यांना तू शिकवलंस, त्यांनी कोकरांना."

यूअर्ट समोर बघत राहिला. "मग सही का केलीस रे, गाढवा?"

"तुझ्यासाठी."

"मी कुठे मागितलं होतं?"

"मी तरी कुठे मागितलं होतं तुझं ते उभं राहणं?"

जॉन्टीने हात काढला नाही. ट्रकची फळी खाली पडली आणि मेंढ्या एकमेकींना ढकलत चढू लागल्या, कोकरं आयांना हाका मारत. मागच्या सीटवर नेल उठून उभी राहिली, कान टवकारून, नजर यूअर्टच्या ओठांवर. शीळ येईल म्हणून ती वाट बघत होती. ट्रक वळणाआड गेला तरी ती तशीच उभी होती.