फरशीला टेकलेली पाठ

साहेब, तुम्ही बायकांना डोळे मिटायला लावून त्यांची मशिनं पळवलीत. आधी हे ऐका, मग काय ते मनःशांतीबद्दल बोला.

तुमच्याच शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणारी एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत, पण तिची सख्खी भाची एकच, तिनेच लहानाची मोठी केलेली. ही भाची अंग सैल सोडायला शिकवायची. तुमच्या मागे लागून तिला कारखान्यात चिकटवलीही मावशीनेच. जेवणाच्या सुट्टीत कापड कापायच्या खोलीत सगळ्याजणी दार लावून जमिनीवर आडव्या व्हायच्या. भाची हळू आवाजात सांगायची, "टाचा सोडा. पोटऱ्या सोडा. दुखणं येतं, जातं. धरून ठेवू नका, नुसतं बघा."

"मी सोडलं तर घोरायलाच लागेन बाई," काजं करणारी म्हणायची आणि खसखस पिकायची.

मावशी मात्र मनापासून करायची. कॉलरी शिवून शिवून तिचा उजवा खांदा कानाला भिडला होता. एका दुपारी तो आपसूक खाली उतरला, तशी ती पडल्यापडल्याच रडली. हे अंगसुद्धा कायमचं नाही, हे तिला त्या दिवशी पटलं आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही. भाचीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, पांग फेडलेस गं."

काल ती अशीच पडली होती. पाठीखालची फरशी थरथरली. नुसतं बघायचं, म्हणून ती बघत राहिली. पलीकडे काहीतरी जड ओढत होते. खर्र, मग ठेचकाळणं, पुन्हा खर्र. मावशीने तो आवाज ओळखला. तिच्या मशिनचा एक पाय आखूड, त्याखाली चिंध्यांची घडी तिनेच घातलेली. झाडलोटीला सरकवताना ते असंच लंगडायचं.

तिने डोळे उघडले. भाची दाराकडे बघत होती आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"मिट ना गं डोळे, मावशी."

"तुला ठाऊक होतं?"

"साहेब म्हणाले, आरडाओरडा नको... तुमच्याच जिवाला त्रास..."

"माझ्या जिवाची काळजी होय गं तुला?"

मावशीने दार ढकललं. शिवणखात्यात उघडी जमीन, तेलाचे डाग आणि ती चिंध्यांची घडी. तुम्ही पाठमोरे, हमालांना घाई करत होतात. तिचा खांदा पुन्हा कानाकडे चढू लागला. तिला ते कळलं. तिने श्वास सोडला, खांदा खाली आणला, मग तोंड उघडलं.

"साहेब, मशीन जाणार, काम जाणार, एक दिवस हा हातही जाणार. तुम्हीच ठेवलेल्या माझ्या पोरीने हे शिकवलं आणि मी शिकले. तोंडावर सांगितलं असतंत, तर मशिनची दुसरी बाजू मीच धरली असती. पण तुम्ही आमचीच पोर आमच्यावर घातलीत. इकडे वळा. जे न्यायचं ते उघड्या डोळ्यांदेखत न्यायला तुम्हाला काय झालं होतं? बोला. मी उभी आहे."