राजाभाऊंची सही

सगळं झालं ते कढीपत्त्यावरून. सोनं नाही, दारू नाही. वीतभर उंचीचं, मोजून सात डहाळ्यांचं रोप. लाज वाटते ती इथूनच सुरू होते.

२०१६ च्या ऑक्टोबरात राजाभाऊ आपली शिडाची बोट घेऊन फिजीत होते. त्यांनीच बोलावलं म्हणून त्यांची बायको नंदाताई, मी आणि माझा नवरा श्रीनाथ असे तिघं ऑकलंडहून विमानाने तिकडे गेलो. राजाभाऊ मूळचे नागपूरचे, स्ट्रक्चरल इंजिनियर. २०११ च्या भूकंपानंतर तीन वर्षं ख्राइस्टचर्चमध्ये पडक्या इमारती तपासत होते. तिथेच एका सहकाऱ्याने त्यांना शिडं हाताळायला शिकवलं, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या माणसाने एक जुनी बोट विकत घेतली. केबिनमध्ये होकायंत्राशेजारी बाबासाहेबांचा छोटा फोटो, त्याखाली रोजची नोंदवही. वारा किती, नांगर कुठे टाकला, कोण चढलं, कोण उतरलं, सगळं सुवाच्य अक्षरात.

दहा दिवस आम्ही बेटांमागून बेटं पालथी घातली. सकाळी डेकवर पोहे, मग टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात उडी, दुपारी पुढचं बेट. बोटीवर चढताना पाय धुवायचे हा राजाभाऊंचा नियम. मी दोनदा विसरले, तर स्वतः बादली घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, पदकमल." इतकी हसले मी. इतक्या चांगल्या माणसांबरोबर सुट्टी घालवायला नशीब लागतं, असं मी नंदाताईंना म्हणालेही होते.

परतायच्या आदल्या दिवशी लौटोकाच्या बाजारामागे एका म्हातारीच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड दिसलं. झाड कसलं, रानच. तिच्या पणजोबांनी उसाच्या मळ्यावर येताना हिंदुस्थानातून बी आणलं म्हणे. तिने मला एक रोप काढून दिलं. ऑकलंडच्या थंडीत माझी तीन रोपं मेली होती, आणि हे दणकट दिसत होतं.

न्यूझीलंडमध्ये बाहेरून रोप आणायला बंदी, विमानतळावर बॅगा तपासतात. म्हणून मी ते कॉफीच्या रिकाम्या डब्यात लावलं, झाकणाला भोकं पाडली, आणि डबा बोटीतच माझ्या बंकखाली, लाइफ जॅकेटांच्या मागे ठेवून दिला. राजाभाऊ दोन गोऱ्या मित्रांबरोबर बोट परत आणणार होते. बोट कोण एवढं उचकून बघतंय, असा माझा हिशेब. श्रीनाथलाही सांगितलं नाही. आणि मी अल्बनीच्या एका लॅबमध्ये काय काम करते? फळं-भाज्यांवरच्या किडी तपासते. म्हणजे 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय मला तरी नव्हती.

बारा दिवसांनी आम्ही तिघं गाडीने उत्तरेला ओपुआ बंदरावर त्यांना घ्यायला गेलो. नंदाताईंनी डब्यात वांग्याची भाजी आणि भाकरी आणली होती. बोट तपासणीच्या धक्क्याला लागलेली लांबून दिसत होती. तासाभराचं काम, तीन तास झाले तरी संपेना. मी मात्र कॉफी पीत, श्रीनाथशी समुद्र किती निळा आहे वगैरे बोलत राहिले.

शेवटी राजाभाऊ आले. दाढी वाढलेली, डोळे मिठाने लाल.

"एक रोप निघालं बोटीत," ते म्हणाले. "आणि फॉर्मवर मी लिहिलं होतं, काही नाही. रीतसर दंड झाला. आता दर वेळी बोट सबंध उघडून बघतील."

"पण कुणाचं रोप?" श्रीनाथने विचारलं.

"बोट माझी, सही माझी. म्हणजे रोपही माझंच," असं म्हणून ते नंदाताईंच्या हातातला डबा उघडायला लागले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, आत्ता नको, दमलेत. घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वाटलं, आता झालं ते झालं.

पंधरा दिवसांनी कांचनच्या घरी फराळाला ऑकलंडच्या मराठी मंडळातल्या आम्ही दहा-बाराजणी जमलो होतो. राजाभाऊंनी नुकतंच सुचवलं होतं, की फेब्रुवारीपासून दर शनिवारी ते आपल्या मुलांना छोट्या होड्यांवर शिडं शिकवतील. नऊ नावं आली होती, त्यात माझ्या मुलीचं, सिद्धीचंही होतं. दंडाची गोष्ट श्रीनाथने कुठेतरी गंमत म्हणून सांगितली होती, ती कांचनपर्यंत पोचली होती.

"सरकारी कागदावर चक्क खोटं लिहिलं," कांचन म्हणाली. "अशा माणसाच्या हाती मुलं द्यायची? शिक्षण कितीही होऊ दे गं, शेवटी माणूस कुठून आलाय ते दिसतंच."

त्या 'कुठून'चा अर्थ नागपूर नव्हता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला कळलं. कुणी खाली बघितलं, कुणी "हो ना" म्हणालं. मी कांचनच्या अगदी शेजारी बसले होते. ते रोप माझं होतं, एवढं एकच वाक्य पुरलं असतं.

मी चकली उचलली.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी नऊपैकी दोन मुली आल्या. एक सिद्धी, दुसरी केतकी, नंदाताईंची भाची. पुढच्या शनिवारीही दोनच. "इट्स सो सॅड, आई," सिद्धी गाडीत म्हणाली, "ही गॉट ऑल दोज लाइफ जॅकेट्स रेडी." मी तिला सीटबेल्ट लाव म्हणाले.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी मी एकटीच हेन्डरसनला त्यांच्या घरी गेले. दिवाणखान्यात जमिनीवर शीड पसरून राजाभाऊ त्याची फाटलेली कड शिवत होते. मी न बसताच म्हणाले, "राजाभाऊ, ते रोप माझं होतं."

ते हसले. "अगं, माहीत आहे. त्या बंकवर तूच झोपत होतीस. आणि कॉफी तुझीच, आम्ही सगळे चहावाले."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"कशाला? बोट तपासून मग सही करायची असते. मी न बघता केली. तो गाढवपणा माझाच."

"मी मात्र खूप चिडले होते हं तुझ्यावर," नंदाताई ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या. "धक्क्यावर तुझं तोंड बघूनच मला कळलं होतं. पण आलीस, बरं केलंस. बस आता, चहा टाकते."

मी रडले. त्यांनी मला पाणी दिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही आलो आपण, असंही वाटलं.

राजाभाऊंनी सुई खाली ठेवली.

"अस्मिता, एक विचारू? मुलं का येईनात गं? माझं शिकवणं रटाळ आहे का? तू तिकडे असतेस सगळ्यांत. कुणी काही बोललं का माझ्याबद्दल?"

नंदाताईंनी गॅस बारीक केला.

कुणाच्या घरी, कोण, कोणत्या शब्दांत, सगळं मला पाठ होतं. फक्त ते सांगायचं तर मी तेव्हा कुठे बसले होते आणि काय करत होते, तेही सांगावं लागलं असतं.

"नाही हो," मी म्हणाले. "शनिवारी सगळ्यांचं क्रिकेट असतं."

"असेल," राजाभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच निवळला. "मला उगाच वाटत होतं, आमचंच काही... पण तसं असतं तर तू सांगितलंच असतंस."

मी मान डोलावली.