घरची मुलगी

सोमवारशिवाय मोटर मिळणार नाही, असं सांगून हार्लन टॅकेटने एसीचं पत्र्याचं झाकण पुन्हा बसवलं. मोटर त्याच्या गाडीतच होती. विद्यापीठातल्या मुलींच्या मंडळाच्या, म्हणजे सोरोरिटीच्या, या घरातले एसी तोच वर्षानुवर्षं दुरुस्त करत आला होता. ऑगस्टात हीच मोटर जळते, म्हणून एक नवी तो कायम जवळ ठेवायचा.

मंडळाच्या जुन्या सल्लागार मिस लेनोरा पिट्स परसदारी सावलीत उभ्या होत्या. अलाबामाच्या उकाड्यात त्यांची पावडर गालांवरून ओघळत होती. स्वयंपाकघरात मुली कागदी ताटल्यांनी वारा घेत होत्या.

"हार्लन, आज नव्या मुलींच्या निवडीची शेवटची फेरी. सगळ्या मेणबत्त्या लावून बसणार हो. वितळतील."

"मुली की मेणबत्त्या?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय."

खरंच सुचत होती. हिवाळ्यात ओपल गेली, त्यानंतर त्याला बरी वाटलेली ही पहिलीच गोष्ट होती.

ओपल, त्याची बायको, याच मंडळाची. विद्यापीठात असताना ती याच घरात राहिली होती. चांगल्या घरची मुलगी एसी दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करून बसली, असं लोक म्हणायचे. तरी दर ऑगस्टात ती चीजची बिस्किटं भाजून मंडळात पोचवायची. मुलगी डार्ला विद्यापीठात आली तेव्हा तिला हेच घर घेणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. सदस्याची मुलगी, बहीण, नात म्हणजे 'घरची'. ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली की तिचं नाव सगळ्यांच्या वर, असा नियमच होता. आणि घरच्या मुलीला गाळायचंच झालं, तर आधी तिच्या आईला फोन करायचा, अशी रीत होती.

तो फोन एका सकाळी आला. ओपल उभ्यानेच ऐकत होती. काहीतरी विचारलं, हो हो म्हणाली आणि फोन ठेवला. जागा कमी होत्या, असं तिने हार्लनला सांगितलं. त्याच वर्षी मिस लेनोरांच्या भाचीला मात्र जागा मिळाली. डार्लाने ते विद्यापीठच सोडलं आणि ती मोबिल शहरात निघून गेली. ओपल पुन्हा या घराची पायरी चढली नाही. तिच्या दफनाला मात्र मंडळाच्या म्हाताऱ्या आल्या, शवपेटीभोवती हात धरून गायल्या. सगळ्यांत पुढे मिस लेनोरा. हार्लन सगळा वेळ त्यांच्या टोपीकडे बघत राहिला होता.

आता डार्लाची मुलगी टेसा इथे शिकायला आली होती, आणि तिला हवं होतं ते हेच घर. आजीचं घर. त्यावरून मायलेकींचं बोलणं बंद होतं. मधल्या काळात नियमही गेला होता. घरची असो की बाहेरची, सगळ्या सारख्या. नियम काढला ते बरोबरच, असं हार्लनला वाटे. आमची पाळी आली तेव्हाच बरा काढला, असंही वाटे. आज टेसाही आत बसून घामाघूम होणार होती. होऊ दे, म्हणजे तिलाच वीट येईल, असा हिशेब त्याने केला होता.

मिस लेनोरा जवळ आल्या. "टेसाचं मी बघते. तुम्ही आज एवढं थंड करून द्या."

"नियम गेला ना?"

"कागदावर गेला. मुली माझं ऐकतात. घरची ती घरचीच."

"मग डार्ला कोण होती?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"तिला का गाळलं ते सांगा. मग मोटरचं बघतो."

"ते आता उगाळून काय मिळणार?"

"सांगा."

त्यांनी रुमालाने मान पुसली. "तुमची गाडी. तुम्ही तिला त्या दिवशी अगदी दारापुढे सोडलंत. गाडीवर तुमचं नाव, टपावर शिड्या. मुली खिडकीतून हसल्या. मत द्यायच्या वेळी एक म्हणाली, उद्या हिचा बाप आपल्या नाचाला शिडी घेऊन येईल. झालं. मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं."

"ओपलला सांगितलंत हे?"

"तिने विचारलं, मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, हार्लनला कळू देऊ नका."

दर रविवारी ओपल त्याच गाडीत त्याच्या शेजारी बसून चर्चला यायची. एकदा तो म्हणाला होता, बायकामाणसांना शोभेल अशी एखादी मोटारगाडी घेऊ. तर ती म्हणाली, हिला काय झालंय?

तो वळून गल्लीत गेला. गेला वाटतं, असं मिस लेनोरांना वाटलं. पण त्याने गाडी वळवून घराच्या पुढच्या दारासमोर, पायवाटेला अगदी खेटून लावली आणि मोटरचा खोका काढला. मागोमाग पुढे आलेल्या मिस लेनोरा खोका बघून समजल्या, मोटर आधीपासून गाडीतच होती.

"गाडी तेवढी मागे घ्या. मुली येतील आता."

"इथेच राहील. शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत. आणि टेसासाठी एक शब्द बोलायचा नाही. बरा नाही, वाईटही नाही. तुमची मेहेरबानी तिच्या डोक्यावर नको."

"आणि बोलले तर?"

"बसवलेली मोटर काढायला मला फार वेळ लागत नाही."

मोटर सुरू झाली. खिडक्या भराभर बंद झाल्या. हार्लन घराच्या कोपऱ्याशी हात पुसत उभा राहिला.

मुली रांगेने आल्या, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. सरळ समोर बघून चालायचं, असं त्यांना शिकवलेलं होतं. गाडीपाशी प्रत्येक मुलगी झगा सावरून, अंग चोरून पुढे जाई. मध्येच टेसा होती. तिने गाडी बघितली. हार्लनला शोधायला मान वळवली नाही. आपला उजवा तळवा तिने पत्र्यावर टेकला आणि चालता चालता गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आजोबांच्या नावावरून, ओढत नेला. पत्र्यावर उन्हाळाभराची लाल माती होती, ती तळव्याला लागली.

दारात मिस लेनोरा एकेकीशी हात मिळवत होत्या. टेसाने तोच हात पुढे केला. मिस लेनोरांनी त्याच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या हार्लनकडे बघितलं, आणि हात हातात घेतला. पुसायला सवड नव्हती. मागची मुलगी हात पुढे करून उभीच होती, आणि तिच्या मागे आणखी एक.