टेक चौथा

मी एक कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, करड्या रंगाची, एका कोपऱ्यात तडा गेलेली. माझ्या जातीच्या कित्येक जणींची फीत आता शेतात पाखरं हाकलायला बांधलेली दिसते. मी मात्र शाबूत राहिले. कशाच्या बळावर म्हणाल, तर रागाच्या. लोक सांगतात, राग गिळावा. मी तो तीस वर्षं पोटात गुंडाळून ठेवला आणि अजूनही मला तो पचलेला नाही.

माझा पहिला धनी मौला शिकलगार, कुंडलचा. घराण्याचा धंदा धार लावायचा. दारात साण, म्हणजे धार लावायचं दगडी चाक, आणि ऊसतोडीच्या दिवसांत कोयत्यांची ही रांग. मौलाचा बाप स्वतः घडवलेल्या प्रत्येक पात्यावर छिन्नीने नाव कोरायचा. "नाव न्हाई ते पातं चोराचं," असं तो म्हणे.

मौला मात्र क्लॅरिनेट वाजवायचा. आधी लग्नाच्या बँडमध्ये, मग सिनेमावाल्यांकडे, आणि पुढे तो स्वतःच चाली बांधू लागला. नऊ सिनेमे केले त्याने. त्यातले सात आपटले. आपटलेल्या सिनेमाचं संगीत कोण लक्षात ठेवतंय? पण मी त्याच्या घरात होते, मी सांगते. नायिका घर सोडून निघाली की बाकीचे लोक वीस-पंचवीस व्हायोलिनं रडायला बसवत. मौला सगळं बंद करी. दाराची कडी वाजली की वाजली, मग काहीच नाही. ती बांधापर्यंत पोचली की मग क्लॅरिनेटचा एकच खालचा सूर. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही की आपल्याला रडवलं कुणी.

"म्युझिक मिठागत पायजे," तो म्हणायचा. "जेवणारा म्हणला पायजे, जेवण झ्याक झालं. मीठ झ्याक झालं म्हणला, तर समजायचं जास्त पडलं."

असं बोलणाऱ्या माणसाचं नाव मोठ्या अक्षरात कधी लागत नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

'वळणावरची विहीर' नावाची एक मालिका दूरदर्शनवर यायची होती. तिच्या सुरुवातीच्या चालीसाठी मौलाने मला आणली आणि घरातच काम मांडलं. दहा वर्षांची लेक जीनत चाक फिरवायला बसली. बायको झुबेदाने चाकावर कोयता धरला. घर्र… घर्र… आणि त्या लयीवर मौलाने क्लॅरिनेट उचललं. वाजवण्याआधी प्रत्येक वेळी तो स्वच्छ आवाजात बोलायचा, "मौला शिकलगार, कुंडल. टेक पहिला." बापाने पात्यावर नाव कोरावं, तसं.

पहिल्या टेकला शेळी ओरडली. दुसऱ्याला जीनतला हसू फुटलं. तिसऱ्याला त्याला स्वतःलाच खोकला आला. चौथा जमला. चौथा असा जमला की झुबेदा कोयता चाकावरून उचलायचं विसरली.

मग मौलाने माझ्या पाठीच्या दोन्ही टिकल्या मोडल्या. कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकच्या अशा दोन बारक्या टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. "आता तुला कोण पुसत न्हाई," तो मला म्हणाला. भोळा माणूस.

मला न्यायला धैर्यशीलराव आले. सांगलीचे, निर्मात्याचे मेहुणे. गाण्यातलं कळत होतं म्हणण्यापेक्षा गाणाऱ्यांत बसायला आवडत होतं. "मौलाभाई, आज ऐकवतो, उद्या परत आणून देतो," म्हणाले. दुसरी प्रत काढायला सांगलीला जावं लागे, ते राहून गेलं होतं. मौलाने मला तशीच त्यांच्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी निरोप आला: चाल पसंत नाही, लय गावठी वाटते.

आणि दोन महिन्यांनी घराघरांत तीच चाल वाजायला लागली. तेच चाक, तेच क्लॅरिनेट, वर थोडी सतार शिंपडलेली. पडद्यावर अक्षरं आली, 'संगीत: धैर्यशील'.

मौला सांगलीला त्यांच्या बंगल्यावर गेला. मी दिवाणखान्यात रेडिओशेजारी पडले होते, सगळं ऐकत होते.

"माजी कॅसेट तेवढी द्या, दादा."

"कुठली कॅसेट, मौलाभाई? मला तर काय आठवत न्हाई."

मौला माघारी फिरला. फाटकाची कडी वाजली. त्या कडीनंतर त्याच्या सिनेमात असायची तशी शांतता झाली, फक्त पुढचा सूर आला नाही. त्या दिवसापासून त्याने क्लॅरिनेट पेटीत घातलं.

आता ऐका माझी गोष्ट. मला जाळून टाकली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण धैर्यशीलराव पडले चिक्कू. चांगली कॅसेट वाया कशी घालवायची? त्यांनी माझ्या मोडलेल्या टिकल्यांवर चिकटपट्टी लावली, मला टेपरेकॉर्डरमध्ये कोंबली आणि भरायचं बटण दाबलं. माईक जोडलेला नाही, म्हणजे कोरं भरलं जाणार आणि जुनं पुसलं जाणार, असा त्यांचा हिशेब. त्या टेपरेकॉर्डरला कोपऱ्यात जाळीमागे स्वतःचा माईक होता. संगीतकार म्हणून मिरवणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नव्हतं!

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मनुबाई चहा घेऊन आल्या. मूळच्या औंधच्या, तोंडाने स्पष्ट.

"आवं दादा, ही त्या भाऊंची न्हवं? सकाळी दारात उबं हुतं त्यांची?"

"व्हय. मौलाची."

"मग पुसताय कशाला? चाल त्यांची हाय न्हवं?"

"त्याचीच हाय, म्हणून तर पुसतोय. आता म्हण म्हणावं, चाल माजी. पुरावा कुठनं आणतोय? धारवाल्याला कोण विचारतंय गं मनू? कोयतं घासावं त्यानं."

मग बशीत ओतलेल्या चहाचा फुर्र असा घोट. शब्दन्‌शब्द, घोटन्‌घोट मी गिळला. जो मला पुसायला बसला होता, त्यानेच मला भरली. मौलाचा पहिला टेक गेला, दुसरा गेला, जीनतचं ते हसू गेलं. ते हसू मी त्यांना कधी माफ करणार नाही. तिसराही गेला, आणि तेवढ्यात सांगलीची लाईट गेली. लाईट नेहमी नको तेव्हा जाते म्हणतात. त्या दिवशी ती अगदी वेळेवर गेली.

"झालं असंल," धैर्यशीलराव म्हणाले. "चाल सुरवातीलाच हुती." चौथा टेक स्टुडिओतल्या माणसाने निवडला तेव्हा हे बाहेर गप्पा मारत बसले होते, त्यांना काय ठाऊक? त्यांनी मला काढून मनुबाईंच्या हातात दिली. "घे, कोरी हाय. भजनं भर तुजी."

मनुबाईंकडे टेपरेकॉर्डर नव्हता. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याची चोरी डोळ्यांनी पाहिली, हे त्यांच्या मनाला लागलं असावं. त्यांनी मला औंधला नेलं आणि यमाईच्या फोटोमागे ठेवलं. तिथे मी उदबत्तीचा वास घेत बसून राहिले. देवीच्या मागे बसून सुडाचा विचार करू नये, असं वाटत असेल तुम्हाला. तिच्या हातातल्या शस्त्रांकडे एकदा बघा आणि मग मला शिकवा.

यंदा मनुबाई थकल्या, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ नाथाजी त्यांना साताऱ्याला घेऊन गेले. सोबत फोटो, आणि फोटोमागे मी. नाथाजी फौजेतले निवृत्त सुभेदार. भिंतभर कॅसेटी. आणि नवल म्हणजे त्यात मौलाचे नऊच्या नऊ सिनेमे! फौजेत असताना एका पडेल सिनेमातली ती कडीनंतरची शांतता त्यांनी ऐकली आणि तेव्हापासून हा माणूस जिथे सापडेल तिथून गोळा केला. त्यांच्याजवळ वही होती. कुठल्या प्रसंगाला मौला कुठे थांबला, किती थांबला, सगळं लिहिलेलं. मी इतकी वर्षं रागाने जगले, त्या वहीमुळे पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

एका संध्याकाळी टीव्हीवर धैर्यशीलराव दिसले. पांढरे केस, खांद्यावर शाल. 'वळणावरची विहीर'च्या संगीतासाठी त्यांना साताऱ्यात जीवनगौरव मिळणार होता. मुलाखतीत सांगत होते, "लहानपणी बैलगाडीच्या चाकाचा आवाज ऐकला होता, तोच मी त्या चालीत वापरला."

"बैलगाडी?" नाथाजी ताडकन उठले. "गाडीचं चाक लाकडावर कुरकुरतंय. ह्यो लोखंडाचा आवाज हाय, आक्का! आन्‌ त्यो थांबा बघ, क्लॅरिनेटच्या आदीचा. असं मौलाबिगर कोणबी थांबत न्हाई. मी तीस वर्सं म्हणतोय, ही चाल त्यांची हाय. पण पुरावा कुठाय?"

मनुबाईंनी यमाईचा फोटो उलटा केला. "पुसलीया असं समजून मी गप ऱ्हायले, बघ काय उरलंय का."

नाथाजींनी मला स्क्रू काढून उघडलं. फीत दाबून धरणारा माझ्या आतला लोकरीचा बारका तुकडा गळून पडला होता, तिथे त्यांनी फौजेच्या कांबळ्याचा तुकडा चिकटवला. मग बटण दाबलं. चहाचा फुर्र ऐकून मनुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि "दादाच ते," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मौलाचा आवाज आला, तेव्हा त्या सुभेदाराने उभं राहून टाचा जुळवल्या.

नाथाजींनी कुंडलला फोन लावला. तिथे आता जीनत चाक चालवते, मोटरवर. "अब्बास्नी सांगू नगा," ती म्हणाली. "त्या चालीचं नाव काढलं की ते उठून जात्यात. मी आणते त्यास्नी, तुमच्या घरी भेटायला म्हणून."

समारंभाला मालिकेतल्या चालीची जुनी फीत कुणी वाजवायची, तर अर्थातच साताऱ्यातल्या नावाजलेल्या संग्राहकाने. आयोजकांनी स्वतःहून नाथाजींना बोलावलं. माझा आनंद मी तुम्हाला काय सांगू! मालिकेच्या फितीऐवजी मी टेबलावर टेपरेकॉर्डरमध्ये बसले होते. शेवटच्या रांगेत जीनत, मनुबाई आणि त्यांच्या मध्ये मौला. म्हातारा, बोटं काळी, इथे आपल्याला का आणलंय हे न कळलेला. मंचावरचं नाव वाचून तो उठायला लागला, तेव्हा जीनतने त्याचा हात घट्ट धरला.

धैर्यशीलरावांची बैलगाडी सांगून झाली. "आता प्रत्यक्षच ऐकू या," ते म्हणाले. स्वतःच्या तोंडाने म्हणाले.

नाथाजींनी बटण दाबलं. आधी मनुबाईंचा प्रश्न आला, आणि मग सभागृहभर धैर्यशीलरावांचाच तरुण आवाज घुमला. "त्याचीच हाय, म्हणून तर पुसतोय…"

त्यांचं तोंड तेवढं मला दिसलं नाही, टेपरेकॉर्डरचं तोंड श्रोत्यांकडे होतं. एवढी एकच खंत. मला फक्त ऐकू आलं, आणि जे ऐकलं ते गोड होतं. खुर्ची सरकली. कुणाच्या तरी हातून पेला पडला. "बंद करा ते!" धैर्यशीलराव ओरडले.

"साहेब," नाथाजी शांतपणे म्हणाले, "अजून चाल कुठं सुरू झालीया?"

"…कोयतं घासावं त्यानं." फुर्र. खट. आणि मग, स्वच्छ आवाजात: "मौला शिकलगार, कुंडल. टेक चौथा."

चाक फिरलं. क्लॅरिनेट थांबलं, जितकं थांबायला हवं तितकंच, आणि मग आलं.

चाल संपली. टाळ्या पडायच्या आत शेवटच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "तिसऱ्या वळीला क्लॅरिनेट जरा चढलंय. पाचवा टेक घ्याला पायजे हुता."

सगळं सभागृह मागे वळलं आणि उभं राहिलं.

तुम्हाला वाटेल, झालं, आता हिचा राग निवला. थांबा. आठ दिवसांनी धैर्यशीलराव कुंडलला आले. गाडी लांब लावून, चालत. मी चाकाशेजारच्या फळीवर होते. नाथाजींनी मला मौलाच्या हातात परत दिली होती.

"मौलाभाई, झालं ते झालं. मी लेखी देतो, चाल तुमची. सगळीकडं नाव तुमचं लागंल, मोठ्या अक्षरात. फकस्त ह्यातलं माजं बोलणं तेवढं पुसा. लोकांनी मोबाईलवर घेतलंय त्याचं काय, बनावट हाय म्हणता येतंय. मूळ तेवढं ऱ्हायलं न्हाई पायजे. नातवंडं हायत मला."

मी हादरले. मौला मऊ माणूस, मला ठाऊक होतं. आणि नाव, जे त्याला आयुष्यभर मिळालं नाही, ते समोर उभं होतं. त्याने मला हातात घेतलं, उलटं केलं. पाठीवरची ती पिवळी पडलेली चिकटपट्टी बराच वेळ न्याहाळली.

"जीनत, पातं दे गं."

पातं आलं, नुकतं धार लावलेलं. मौलाने ते माझ्या पाठीला लावलं आणि चिकटपट्टी अलगद खरवडून काढली. एक, मग दुसरी. टिकल्यांची भोकं पुन्हा उघडी झाली. आता मला कुठलाही टेपरेकॉर्डर सहजासहजी पुसणार नाही.

"नाव मी माज्या तोंडानं घातलंय त्यात," तो म्हणाला. "तुमी द्याची गरज न्हाई. आन्‌ पुसायचं काम आमच्यात हुईत न्हाई, धैर्यशीलराव. आमी धार लावणारी माणसं. कोयता-बियता असला तर घिऊन या."

आणि त्याने मला परत फळीवर ठेवलं.

आता मी इथेच असते. लोक येतात, कोयते ठेवतात, मौलाची चाल ऐकायला मागतात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी कुंडलला आलात तर मला पहिल्यापासून लावा. कुणी म्हणेल, तेवढं बोलणं पुढे सरकवा, थेट चालीवर या. अजिबात सरकवू नका. आधी चोर ऐकायचा, मगच चाल.