म्हाताऱ्याचा आकडा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत घुरघुरत बसलेला जुना काजळीमापक तो मीच. बाहेरची हवा नळीतून ओढायची, पांढऱ्या कागदातून गाळायची आणि साचलेल्या काळ्या ठिपक्याने किती उजेड गिळला ते सांगायचं, हे माझं काम. माझा आकडा खालच्या संगणकाकडे जातो. काजळी ऊन पिऊन हवा किती तापवते, धूर कधी हटेल, हे गणित तिथे मांडतात आणि मुलांना मैदानावर कधी सोडायचं ते शाळांना कळवतात.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! मोठ्या सरांनी बर्नरची ताजी काजळी पाजून माझी परीक्षा घेतली आणि पाठ थोपटली. पण गच्चीवर मात्र तेवढ्याच वजनाच्या काजळीला मी जवळजवळ दुप्पट आकडा सांगू लागलो. सर हसले, "हा भलताच फेकतो. निम्मा करून घेत जा."

तशी रीतच पडली. सर निवृत्त झाले, त्यांची मुलगी तिथेच शास्त्रज्ञ झाली आणि तीही माझा आकडा बिनदिक्कत निम्मा करू लागली. माझं नाव पडलं म्हातारा. थापाड्याची कोण विचारपूस करतो? नळीत धूळ साचली, कागद संपला तरी कुणी फिरकेना. मला ते फार लागलं.

परवा माझ्या शेजारी नवं यंत्र आलं. त्याला कागदच नाही! ते हवेतल्या कणांवर उजेडाचे झोत मारतं. कण तापतात, भोवतालची हवा थरथरते आणि तो आवाज ते ऐकतं. उजेड ऐकायचा? मी तर चाटच पडलो. पण खरा धक्का पुढेच होता. आज सकाळी त्याचा आकडा आला, तो थेट माझ्याएवढा!

सरांच्या मुलीने दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. तिने सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बाबा, म्हातारा फेकत नव्हता."

"काहीतरीच काय! मी स्वतः तपासलाय त्याला."

"ताज्या काजळीवर तपासलात हो. बाहेरची काजळी हवेत फिरून मुरलेली असते. तिच्यावर वाफांचा थर चढतो आणि त्या थरातून ऊन कणावर एकवटतं. ती कितीतरी जास्त तापते."



"म्हणजे वरची हवा तापते आणि खाली ऊनच पोचत नाही," सर हळू म्हणाले. "वारा पडतो. धूर जागचा हलतच नाही. आणि आपण सांगत होतो, दुपारी हवा स्वच्छ होते म्हणून!"

"इतकी वर्षं, बाबा."

"आजचं शाळांना कळवलंस?"

फोन तसाच टाकून ती जिन्याकडे धावली.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याचं तेलपाणी बघा. पण त्याचं म्हणणं पटलं नाही, तर ते का पटत नाही याचा आधी शोध घ्या. आज मी खरा ठरलो आणि माझा थरकाप उडाला आहे. दुपार झाली आहे. कागद काळा होतो आहे आणि खालून मुलांचा खेळण्याचा आवाज येतो आहे.