दहा अंश

बाबा गेल्याच्या चौदाव्या दिवशी को साहेब पांढरी फुलं घेऊन शिन्चू शहरातल्या आमच्या घरी आले. बाबांनी त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं मदरबोर्ड तपासले होते. फोटोपुढे तीनदा वाकून झाल्यावर ते आईला म्हणाले, "वहिनी, दादांची ती निळी वही घरीच असेल ना?"

वहीत काय आहे हे मला ठाऊक होतं. कंपनीच्या नव्या बोर्डांवर प्रोसेसर तापून बंद पडत होते, कारण स्क्रीनवर तापमान दहा अंश कमी दिसत होतं आणि ते तापलेत हे कोणाला कळतच नव्हतं. बाबांनी घरच्या संगणकातही तोच बोर्ड बसवून प्रोसेसरवरच्या तांब्याच्या पत्र्याला तापमापकाची तार चिकटवली होती. स्क्रीन म्हणे, आत एकसष्ट. तार म्हणे, बाहेर अडुसष्ट.

"चूल आत, आणि भिंत चुलीहून गरम? असं असतं का गं, आ-च्युन?" ते जेवताना मला विचारायचे.

हे दुरुस्त करा म्हणून ते तीनदा को साहेबांकडे गेले. "लोक आकडा बघतात, तांबं चाटून बघत नाहीत," हे साहेबांचं उत्तर तारखेसकट वहीत होतं. आता कंपनीत चूक कोणाची याची चौकशी सुरू होती.

"वही माझ्याकडे राहील," मी म्हटलं.

"पोरी, कंपनीची वस्तू आहे ती."

"मग तुम्ही काय बोललात तेही कंपनीचंच का, काका?"

"बापावर गेलीस अगदी. एका केसाची एवढी मोठी दोरी करायची." ते आईकडे वळले. "वहिनी, घरात वाद नको. दादांनाच विचारू."

फोटोपुढे बशीत दोन नाणी होती. फोटोपुढे ताट ठेवलं की बाबांचं जेवून झालं का, हे आई ती नाणी टाकून विचारायची. एकावर चेहरा, दुसऱ्यावर आकडा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही; मग ताट तसंच राहू द्यायचं.

को साहेबांनी नाणी कपाळाला लावून टाकली. दोन चेहरे.

"हसतायत बघा! चेष्टेची सवय गेली नाही दादांची." पुन्हा टाकली. दोन आकडे. "माझंच चुकलं, प्रश्न नीट विचारला नाही." या वेळी फोटोशी बोलताना ते माझ्या भावाकडे बघत होते. "दादा, आपल्या यू-चेंगला पुढं माझ्याच हाताखाली काम करायचंय. त्याच्यासाठी तरी नेऊ ना वही?"

एक चेहरा, एक आकडा.

आईने हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. "हो म्हणाले ते. दे, आ-च्युन."

"आणि आधीचे दोन नाही?"

"ताई, दे ना," यू-चेंग जमिनीकडे बघत म्हणाला.

तीनदा मोजलंस तर तिन्ही आकडे लिही, असं बाबांनी मला शाळेत असताना शिकवलं होतं. नको तो आकडा गाळलास की ते मोजणं राहत नाही, मागणं होतं. मी आत जाऊन वही आणली आणि माझ्या हाताने दिली. पानांचे फोटो काढून ठेवायला हवे होते, हे त्यांची गाडी कोपऱ्यावर वळल्यावर सुचलं.

महिन्याभराने कंपनीने सुधारलेलं सॉफ्टवेअर दिलं. सोबत बाबांचं नाव घालून दोन ओळी होत्या: दिवंगत अभियंता जिअन यांच्या हातून झालेली चूक दुरुस्त केली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी ते बाबांच्या संगणकावर घातलं. तार अजून चिकटलेली होती. बाहेर अडुसष्ट. स्क्रीनवर एकाहत्तर.

चूल अखेर भिंतीपेक्षा गरम झाली होती.

शंभराव्या दिवशी आईने भात, बांबूचे कोंब आणि डुकराचं मटण वाढून फोटोपुढे ठेवलं. उदबत्ती जळून गेल्यावर म्हणाली, "झालं असेल त्यांचं. विचार."

मी नाणी टाकली. दोन आकडे.

"पुन्हा टाक."

मी नाणी उचलून खिशात ठेवली.

"अगं, सगळं निवतंय. यू-चेंगला कामावर जायचंय. टाक ना पुन्हा."

"नाही म्हणालेत ते, आई," मी म्हटलं, आणि ताटापाशी बसून राहिले.