शीलाताईंच्या घरचा आग्रह

"घ्या हो, एवढ्याशानं काय होतंय!" म्हणत शीलाताईंनी सोफालच्या ताटात दुसऱ्यांदा मसालेभात वाढलासुद्धा.

"आई, प्लीज! फोर्स नको ना करू!" नंदन ओरडला.

सोफालशेजारी बसलेल्या त्याच्या लेकीचा, मालिसचा चेहरा पडला. ओटावातल्या या घरी आज तिचं आणि नंदनचं लग्न ठरायचं होतं. आग्रह झाला की आपले बाबा ताट सारून उठतात, हे तिनं नंदनला बजावलं होतं, नंदननं आईला. पण पाहुण्याचं पहिलं 'नको' खरं मानायचं, हे शीलाताईंना उभ्या जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

सोफाल ताटाकडे बघत राहिला. त्याला 'सुधारायला' कंबोडियातल्या रानातल्या छावणीत नेलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. वडील मास्तर, एवढाच त्याचा गुन्हा. दिवसभर कालव्याची माती वाहायची आणि मग वाटीभर पातळ पेज प्यायची. मुकादम हसत विचारायचा, "पोट भरलं?" नाही म्हणणाऱ्याला सभेत सगळ्यांसमोर उभं करून फैलावर घ्यायचे. तेव्हापासून विचारणारा कुणीही असो, सोफालचं उत्तर ठरलेलं होतं: भरलं. आत्ताही त्यानं इंग्रजीत तेच सांगितलं.

"नंदन, सांग त्यांना," शीलाताई कसल्या ऐकतायत! "म्हणावं, भरलं म्हणून इथं कुणाची सुटका होत नाही."

नंदननं कपाळाला हात लावत ते इंग्रजीत सांगितलं. आणि सोफाल चक्क हसत सुटला.

"छावणीतला आमचा वुथी अगदी असाच," तो म्हणाला. "मुकादमाची पाठ वळली की केळीचं पान मांडायचा आणि त्यावर चिखलाचे गोळे वाढायचा. मासा घे, भात घे! आम्ही नको म्हणायचं, त्यानं वाढत राहायचं. जो आधी 'वाढ' म्हणेल तो हरला. हसून हसून मुरकुंडी वळायची. मी कधीच हरलो नाही."

"डॅड, हे तुम्ही मला कधीच नाही सांगितलं!" मालिस म्हणाली. "वुथी अंकल आता कुठे असतात?"

"तो पुढच्या वर्षी गेला. त्या पेजेवर किती दिवस निघणार?"

नंदननं ते मराठीत सांगितलं, तशी शीलाताईंनी जीभ चावली. उगाच छळलं बिचाऱ्याला, असं वाटून त्यांना अगदी भरून आलं. त्या भाताचं पातेलं उचलून आत न्यायला लागल्या.

सोफालनं ताट पुढे केलं.

"आज हरतो," तो म्हणाला. "वाढा."

 शीलाताईंनी भात वाढला आणि वर तुपाची धार सोडली.